डंकावरचे भूमिगत

"कसलं लग्न हाय?" मी विचारलं.

"लग्न नाही आक्का. कार्यक्रम आहे."

"बारसं?"

"नाही, गाण्याचा."

"मग भजन म्हण की सरळ. त्यात लाजायचं काय?"

पोरगी हेल्मेट पोटाशी धरून डंकाच्या दारात उभी होती. तिशीला टेकलेली असेल. केस कानापर्यंत कापलेले, पायात बूट. आत या म्हटलं तर बूट काढून आली, तेवढ्यावर मी तिला एक गुण दिला. आषाढ संपत आला होता. आमच्या मिरची कांडपाच्या शेडमध्ये फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत श्वास घ्यायला सवड नसते. सहा डंक, त्यांची लोखंडी मुसळं दिवसभर वर जातात आणि आपटतात. नंतर मात्र चार महिने शेड रिकामी. मी स्टुलावर बसून मुसळांना तेलाचा बोळा फिरवत होते. धनाजी, माझा मुलगा, पोत्यांच्या थप्पीवर आडवा पडून मोबाईल बघत होता.

"भजन पण नाही," ती म्हणाली. "पोरं आपली आपण गाणी लिहितात, आपली आपण वाजवतात. मोठ्यानं वाजवतात. टीव्हीवर नाही, रेडिओवर नाही. अंडरग्राउंड असतं ते."

"काय असतं?"

"अंडरग्राउंड."

मी तिसरीपर्यंत शिकले आणि आमच्या तिसरीत इंग्रजी नव्हतं. मी धनाजीकडं बघितलं. मोबाईलवरची नजर न काढता तो म्हणाला, "अंडरग्राउंड म्हणजे भूमिगत गं आई."

माझ्या हातातला बोळा खाली पडला.

हा शब्द आमच्या घरात साधा नव्हे. बेचाळीस सालानंतर भूमिगतांना सांभाळणारी जी चार घरं गावात होती, त्यातलं आमचं एक. तेव्हा डंक नव्हते, उखळं होती. माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणायचो आम्ही त्यांना, सतरा वर्षांच्या होत्या. लवंगी मिरचीच्या पोत्यांच्या मागं माणूस लपवला की पोलीस पोत्यात हात घालत नाही, हे त्यांना कळलं होतं. शिंकत बाहेर जायचे पोलीस. ही गोष्ट मी सून म्हणून आल्यापासून शंभरदा ऐकली होती, आणि गावात कुणी आमच्याकडं मान वर करून बोललं तर मी त्यालाही ऐकवत होते.

मी आवाज खाली आणला. "पोलीस मागं हायत?"

तिनं मान खाली घातली. "मागच्या ठिकाणी आले होते. मध्येच बंद करायला लावलं. त्याच्या आधीच्या ठिकाणीपण."

"किती जण हाय तुम्ही?"

"वाजवणारे नऊ. बाकी तीस-चाळीस."

"आणि सगळ्यांची सोय तूच बघतीस?"

"हो."

"घरी माहीत हाय?"

"आईला आहे. ती चिडते."

"चिडणारच. आई हाय ती. नाव काय तुझं?"

"सुवार्ता. सुवार्ता वाघमारे. मिरजेची. दवाखान्यात रक्त तपासते." मग घाईघाईनं म्हणाली, "दोन रविवार पाहिजेत, आक्का. तीन ते सहा. पहिल्याला आपल्या इथलीच पोरं. दुसऱ्याला सोलापूरची आणि बेळगावची येणार आहेत. चार वर्षं झाली मी त्यांना एकत्र आणायला बघतेय. दर वेळी जागाच जाते हातातनं."

"जागा दिली."

धनाजी उठून बसला. "आई, अगं विचार तरी कर—"

"तू गप. तुझ्या आजीनं कुणाला विचारलं नव्हतं."

"भाडं काय—" सुवार्ता म्हणाली.

"भूमिगतांकडनं भाडं घेणारं घर न्हवं हे. आणि ऐक, पोरांना सांग, घोळक्यानं येऊ नका. दोघं-दोघं या. मागच्या बोळानं."

तिनं एकदा मागच्या बोळाकडं बघितलं. मग "बरं आक्का" म्हणाली. पुढं कितीतरी दिवसांनी तिनं मला सांगितलं, तिला वाटलं मी गाड्या लावायच्या अडचणीबद्दल बोलतेय.

रविवारी सकाळपासून मी आणि सूनबाई वैजू भाकरी थापत होतो. साठ भाकरी, पाटीभर झुणका, हिरव्या मिरचीचा खर्डा. वैजू म्हणाली, "आत्या, गाणं ऐकायला येणाऱ्यांना एवढं जेवण?" मी म्हटलं, "तुला काय कळतंय, कुणाच्या पोटात कधीचं अन्न हाय ते."

पोरं आली. दोघं-दोघं, मागच्या बोळानं, अगदी शहाण्यासारखी. सगळी काळ्या कपड्यांत. मला पटलं, अंधारात दिसायला नको. काहींचे केस पाठीपर्यंत. तेही पटलं, ओळख बदलायची तर केस वाढवावेच लागतात. सुवार्ता एकटी इकडून तिकडं धावत होती. वायरी ओढ, याला पाणी दे, त्याला स्टँडवरनं आणायला गाडी पाठव. बाकीचे आपापली गिटारं कुरवाळत बसले होते.

तीन वाजता सुरू झालं. पहिला दणका ड्रमवर पडला आणि पत्र्याखालच्या लोखंडावर साठलेली चाळीस वर्षांची मिरची खाली आली.

खोटं नाही सांगत. लाल धुरळ्याचा पडदाच. आम्ही दर गुढीपाडव्याला शेड झाडतो, पण हाताला पोचेल तेवढी. वर कोण चढणार? आणि डंक आपटतात ते जमिनीला हादरा देतात. छताला हादरा देणारं असं कुणी आमच्याकडं आलंच नव्हतं. चाळीस माणसं एकदम शिंकली. डोळ्यांतनं धारा. मी दारात पदर नाकाला लावून उभी. वाटलं, संपलं, आता पळतील सगळी.

कुणी हललं नाही. गाणारा फिरोज म्हणून होता, मिरजेचाच, खांबासारखा उंच. त्याचं गाणं म्हणजे घशातनं दगड घरंगळल्यासारखं. मिरची घशात गेल्यावर तर त्याला वेगळंच बळ आलं. रडत रडत ओरडत होता आणि समोरची रडत रडत माना झटकत होती. आमच्या डंकात असलं काही होईल असं आत्याबाईंनाही वाटलं नसेल.

सहाला थांबले. भाकरीवर तुटून पडले. मी फिरोजच्या पानात झुणका वाढत हळूच विचारलं, "कुणाच्या विरोधात हाय रं तुमचं?"

"म्हणजे?"

"सरकारच्या का?"

तो घास थांबवून विचार करायला लागला. मग म्हणाला, "सरकारला आम्ही माहीतच नाही, आक्का."

"मग लपता कुणापासून?"

"लपतोय कुठं? उलट लोक यावेत म्हणून तर मरतोय आम्ही."

मागं धनाजी खोकला. खोकला नव्हता तो, हसू दाबत होता. मी वळून बघितल्यावर मात्र त्याला आवरेना. पोत्यावर बसून, पोट धरून हसायला लागला. "आई, अगं, भूमिगत म्हणजे तसलं नाही गं! नुसतं म्हणतात तसं! अंडरग्राउंड म्हणजे… अजून नाव न झालेलं! तू काय समजलीस? बेचाळीस साल?" वैजू तोंडाला पदर लावून आत पळाली.

माझ्या घरात, माझ्या साठ भाकरी खाणाऱ्या चाळीस जणांसमोर, माझाच मुलगा मला हसत होता. त्यात फाटकाशी समोरच्या घरातले कुंभोजकर मास्तर येऊन उभे राहिले. निवृत्त हेडमास्तर, दोन्ही हात मागं बांधून. "खराडेवहिनी," ते म्हणाले, "पुढच्या रविवारी हा प्रकार झाला तर मी चौकीत लेखी अर्ज देणार. लेखी."

मी मास्तरांकडं पाठ केली. सुवार्ताकडं वळले. ती पत्रावळ्या गोळा करत होती.

"पुढच्या रविवारी शेडला कुलूप असंल," मी म्हटलं. "दुसरीकडं बघ."

तिच्या हातात तेरा-चौदा पत्रावळ्या होत्या. त्या तिनं नीट एकावर एक लावल्या. "आक्का, माझं काही चुकलं का?"

"तुझा शब्द चुकला," मी म्हटलं आणि आत गेले.

बुधवारी दुपारी डंकावर आवाज आला. मला वाटलं मांजर. बघते तर खिडकीच्या तुटक्या गजातनं आत येऊन ही बया शिडी लावून वर चढलेली. तोंडाला ओढणी, हातात केरसुणी, अंगावर लाल धुरळा. खाली एका पोत्यावर झाडलेली मिरची.

"कुलूप होतं न्हवं दाराला?"

"म्हणून खिडकीतनं आले. जागा घेतली तशी परत करायची असते, आक्का. पत्र्यावरनं सगळं खाली पडलंय, तुमचं पुढचं कांडप सुरू झालं की…" आणि शिंकली.

"ती नऊ पोरं कुठं हायत?"

"कामावर आहेत. कुणाला जमलं नाही."

"तू न्हाईस कामावर?"

"मी रजा घेतली."

ती खाली उतरली. डोळे टोमॅटोसारखे झाले होते. ओढणीनं पुसायला गेली तशी मी ओरडले, "हात लावू नको! मिरचीचा हात डोळ्याला लावायचा नसतो. येऊ दे पाणी, आपोआप धुऊन जाईल." तिला स्टुलावर बसवलं, लोट्यानं पाणी ओतलं हातावर. ती बोटं चोळून चोळून धूत राहिली.

"तू काय वाजवतीस?" मी विचारलं. रविवारी तिला वाजवताना बघितल्याचं आठवत नव्हतं.

"काहीच नाही."

"गातीस?"

"सूर नाही मला. चर्चमध्ये पण मागच्या बाकावर बसवायचे."

"मग तू करतीस काय नेमकं?"

ती जरा हसली. "जागा बघते. वायरी आणते. कुणी कधी वाजवायचं ते लावते. भांडणं मिटवते. स्टँडवरनं आणते, परत सोडते. जेवले का बघते."

"आणि नाव येतं का तुझं? त्या कागदावर, भिंतीला लावता त्या?"

"कागद मीच करते, आक्का. स्वतःचं नाव स्वतः कसं घालायचं?"

मी मुसळ पुसायचा बोळा उचलला. तेलात बुडवला. परत बुडवला. मला काहीतरी आठवलं होतं, पण ते तिला सांगण्यासारखं नव्हतं.

"बरंच झालं तुम्ही नाही म्हणालात ते," ती जमिनीकडं बघत म्हणाली. "मी सोडणारच होते. रविवारी परत जाताना फिरोजला म्हटलं, जागा गेली, आता काय करायचं? तर तो म्हणाला, तू टेन्शन घेऊ नको, तुझ्याशिवाय पण होईल. तो चांगल्या मनानं म्हणाला. मला हलकं वाटावं म्हणून. पण मग मी विचार केला, खरंच की. वाजवणारे ते. मी नसले तर काय अडणार आहे?"

"सोलापूर-बेळगावच्या पोरांना कळवलंस?"

"आज कळवणार. हे झाडून झालं की."

तिच्या पायाशी मिरचीचं पोतं, अंगावर मिरची, आणि हे सगळं झाडून झाल्यावर ती जाणार होती आणि चार वर्षांचं काम एका फोनवर मोडणार होती. मला राग आला. फिरोजचा आला, तिचा आला, आणि तिसऱ्या कुणाचा आला ते मी त्या वेळी स्वतःलाही कबूल केलं नाही.

"गल्लीत आवतण दिलंस का?" मी म्हटलं.

"काय?"

"आवतण गं. बोलावणं. माझ्या दारात तुझे ड्रम वाजणार, शेजाऱ्यांच्या भिंती हलणार. त्यांना जाऊन कधी म्हणालीस, या म्हणून?"

"फेसबुकवर टाकलं होतं."

"मास्तरांच्या म्हातारीच्या फेसबुकवर?"

तिनं केरसुणी पायानं बाजूला सारली.

"अगं, मास्तरांच्या पोरीच्या लग्नात बँड माझ्या दारात दीड तास नाचला. कान फुटले माझे. मी गेले का चौकीत? कारण मला आवतण होतं. आवतण नसलेला आवाज म्हणजे गोंगाट. आवतण दिलं की त्याचं कार्य होतं. एवढं तुला शाळेत शिकवलं न्हाई?"

"पण तुम्ही तर कुलूप—"

मी कमरेची किल्ली काढून तिच्या ओल्या हातात ठेवली. "शनिवारी चारला ये. आणि खिडकीतनं नको येऊस, लोक मलाच नावं ठेवतील."

शनिवारी ती आली तर चक्क साडी नेसून. आईची असावी, पदर सावरता येत नव्हता. मी तबक तयार ठेवलं होतं, हळद-कुंकू आणि अक्षता. तिनं तबकाकडं बघितलं. "आक्का, आमच्यात कुंकू लावत नाहीत."

"तू लावू नको. मी लावते, तू बोल. हात माझा, तोंड तुझं. आणि काय म्हणायचं ठाऊक हाय का? 'उद्या तीन वाजता आमच्याकडं कार्य हाय, सगळ्यांनी यायचं, आणि जेवूनच जायचं.' म्हण बघू."

"उद्या तीन वाजता आमच्याकडं कार्यक्रम—"

"कार्य."

"कार्य आहे. सगळ्यांनी यायचं आणि जेवूनच जायचं."

"मान वर करून. भीक मागायला चाललोय का आपण?"

अकरा घरं घेतली. पहिल्या दोन घरांत ती अडखळत बोलली. तिसऱ्या घरी तांबोळीणबाईंनी विचारलं, "कसलं कार्य गं?" मी म्हटलं, सांग आता. सुवार्तानं श्वास घेतला. "पोरं मोठमोठ्यानं ओरडतात, मावशी. मनातलं सगळं. घरी ओरडता येत नाही ना कुणाला, म्हणून." तांबोळीणबाई म्हणाल्या, "मग मी येते की. मला पण लई ओरडायचंय." चौथ्या घरापासून पोरगी ठणठणीत बोलायला लागली.

कुंभोजकर मास्तरांचं घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ते दारात उभे, हात मागं. मी त्यांच्या बायकोला हळद-कुंकू लावलं, मास्तरांच्या हातावर अक्षता ठेवल्या. आता अक्षता हातात आल्या की माणसाला मूठ मिटावीच लागते. हात पुढं आला तो आलाच.

सुवार्ता म्हणाली, "सर, उद्या तीन वाजता आमच्याकडं कार्य आहे. यायचं आणि जेवूनच जायचं."

"हे संगीत आहे असं तुझं म्हणणं आहे?"

"मला संगीतातलं कळत नाही, सर."

मास्तर गडबडले. त्यांना वाद हवा होता. "मग कशाला करतेस?"

तिनं खांद्यावरनं घसरणारा पदर सावरला. मी मध्ये पडणार होते, पण जीभ चावली. ती म्हणाली, "दर वेळी एक तरी पोरगं येतं, सर, जे गावात एकटंच असतं. त्याला वाटत असतं की असलं ऐकणारा तो एकटाच वेडा. मग इथं येऊन बघतो तर चाळीस. त्याचं तोंड बघायला करते."

मास्तर मुठीतल्या अक्षतांकडं बघत राहिले. "सहाला संपणार म्हणजे सहाला?"

"सहाच्या आत, सर."

"मी घड्याळ घेऊन येणार."

"या की," मी म्हटलं. "अर्जाचा कागद पण घेऊन या. भाकरीखाली घ्यायला होईल."

रविवारी सोलापूरची सहा आणि बेळगावची पाच पोरं आली. घोळक्यानं, पुढच्या दारानं. गल्लीतली बायामाणसं आली, पोरंसोरं आली. मास्तर कानात कापूस घालून दाराशी खुर्ची टाकून बसले, मांडीवर घड्याळ. शेडमध्ये मुंगीला जागा नव्हती. सुवार्तानं गुरुवारी आणि शुक्रवारीही कामावरनं सुटल्यावर येऊन पत्रा झाडून काढला होता, त्यामुळं कुणी शिंकलं नाही. बेळगावचा एक पोरगा कन्नडमध्ये असा काही गरजला की तांबोळीणबाई उठून उभ्या राहिल्या आणि "हां!" म्हणाल्या. मला त्यातलं काही आवडलं असं नाही. पण डंकावर वाढलेल्या बाईला ठोका कळतो. ठोका चांगला होता.

मी भाकरीच्या पाटीशी बसून सुवार्ताला बघत होते. तिनं तीन तासांत एक गाणं पुरतं ऐकलं नाही. कुणाची वायर निघाली, कुणाला चक्कर आली. एकदाच थांबली. सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी भिंतीला चिकटून उभी होती, एकटी, आणि समोरच्या माना झटकणाऱ्या गर्दीकडं तोंड उघडं टाकून बघत होती. सुवार्ता तिच्याकडं बघून थांबली. मग परत वायरी.

सहाला दहा कमी असताना फिरोजनं शेवटचं गाणं संपवलं आणि माईक हातात घेतला. घामानं निथळत होता. म्हणाला, असा दिवस आयुष्यात बघितला नाही. सोलापूरच्या पोरांचं नाव घेतलं, बेळगावच्या घेतलं. एकेक वाजवणाऱ्याचं नाव, टाळ्या. मग आक्कांचं, त्यांच्या भाकरीचं, जोरात टाळ्या. गल्लीचं. मास्तरांचं सुद्धा, मास्तर कापूस काढून हसले. "सगळे झाले ना?" फिरोज म्हणाला. "कुणी राहिलं नाही ना?"

टाळ्या परत सुरू झाल्या. सुवार्ता कोपऱ्यात खाली बसून वायर गुंडाळत होती. कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा. मान वर केली नाही तिनं. आणि मला कळलं की उद्यापासून ती हे सगळं सोडणार.

आता आठवलेलं सांगते, जे बुधवारी तिला सांगितलं नव्हतं.

बहात्तर साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून शाळेच्या पटांगणात सत्कार होता. आमच्या मिरचीच्या पोत्यांमागं अकरा दिवस काढलेला एक माणूस आता मोठा पुढारी होऊन आला होता. त्यानं भाषण केलं. कुणी बंदूक आणली, कुणी निरोप नेला, कुणी डोंगरात वाट दाखवली, एकेकाचं नाव घेतलं. आमच्या सासऱ्यांचं घेतलं, 'ज्यांच्या घरानं आसरा दिला'. टाळ्या झाल्या. मी आत्याबाईंच्या शेजारी बायकांत बसले होते. चोवीस वर्षांची होते. आत्याबाईंनी पाटीत भाकरी, वर मिरच्या पसरून, पोलिसांच्या समोरनं सात-सात मैल चालत नेली होती. एकदा नाही, दोन वर्षं. पुढारी म्हणाला, "सगळ्यांची नावं झाली असं समजतो." आणि आत्याबाई उठल्या. अर्ध्याच उठल्या, एक हात जमिनीवर. मोठ्यानं नाही, बोलल्यासारखंच म्हणाल्या, "आणि भाकरी कुणी आणली?"

मी त्यांचा पदर धरून खाली ओढला. "बसा आत्याबाई. लोक बघत्यात."

त्या बसल्या. त्याच्यानंतर एकोणीस वर्षं जगल्या. पोलिसांच्या शिंकांची गोष्ट हसत हसत सांगायच्या. भाकरीची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी काढली नाही, आणि मी कधी विचारली नाही.

आता मी भाकरीच्या पाटीपासनं उठले. गुडघे धड नव्हते, धनाजी हात द्यायला आला, तो झटकला. गर्दीनं वाट दिली.

"ए केसाळ्या," मी फिरोजला म्हटलं.

"हां आक्का?"

"भाकरी कुणी आणली?"

तो हसला. "तुम्हीच की, आक्का. नाव घेतलं की तुमचं."

"मी थापली. माझ्या घरात बसून थापली. इथवर आणली कुणी? तुला आणला कुणी? ही बेळगावची कुणी आणली? मास्तरांना कुणी आणलं?" माईक माझ्या तोंडाजवळ आला होता हे मला कळलं नव्हतं, माझाच आवाज पत्र्यावरनं माझ्या अंगावर आला. "ह्या शेडीत चाळीस वर्षांची मिरची होती वर. ती अंगावर कुणी घेतली? बोल की. मघाशी तर लई घसा होता."

फिरोजनं कोपऱ्यात बघितलं. त्याचं तोंड हळूहळू पडत गेलं, आणि त्या क्षणी मला तो पोरगा पहिल्यांदा आवडला, कारण त्याला खरंच लाज वाटली होती.

"सुवार्तानं," तो म्हणाला.

"मोठ्यानं. एवढे आवाजाचे खोके कशाला आणलेत मग?"

सुवार्ता उठली होती. अर्धी. एक हात जमिनीवर, दुसऱ्यात वायर. नको नको म्हणून मान हलवत परत खाली बसायला लागली.

"बसायचं न्हाई," मी म्हटलं. "उभी राहा. सरळ. बघू देत लोकांना."

फिरोजनं डोळे मिटले, माईक दोन्ही हातांत धरला आणि त्या दगड घरंगळणाऱ्या आवाजात तिचं नाव घेतलं. मागच्या पोरानं ड्रमवर दणका दिला. मग सोलापूरची ओरडली, बेळगावची ओरडली, तांबोळीणबाई सगळ्यांच्या वर ओरडल्या. पत्रा असा हादरला की तीन दिवस झाडूनही कुठल्या तरी सांदीत राहिलेली मिरची सळसळत खाली आली, आणि सगळी गल्ली एकदम शिंकली.

"सहाला चार मिनिटं आहेत," मास्तर नाक पुसत ओरडले. "चालू द्या!"

सुवार्ता माझ्यासमोर उभी होती, गालांवरनं पाणी वाहत होतं. "मिरची आहे, आक्का," ती म्हणाली.

"मिरचीच हाय," मी म्हटलं. "हात लावू नको. येऊ दे."